गल्लीचा वेग ठरवतं कोण?

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठी बोलायला कधी अडत नाही, पण लिहायला बसलं की ऱ्हस्व-दीर्घ अंगावर येतात. तरीही हा लेख मराठीतच लिहायचा ठरवला, कारण तो म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर आहे आणि ज्या काकांनी तो प्रश्न विचारला ते मराठीतच बोलतात. चुका सांभाळून घ्या!

मी मुलुंड पश्चिमेची. सोमवार ते शुक्रवार हॉस्टेल, शनिवार-रविवार घर. गेल्या पावसाळ्याच्या आधीची गोष्ट. आमच्या गल्लीत पाचवीतला एक मुलगा क्लासहून येताना एका बाइकखाली आला. पायाचं हाड मोडलं, दीड महिना प्लास्टर. गल्ली पेटून उठली. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर रस्त्यावर सिमेंट-खडीचा एक उंचवटा! रातोरात कोणी घातला ते कोणालाच माहीत नाही (म्हणजे सगळ्यांनाच माहीत आहे). आठवड्याभरात पहाटेच्या अंधारात आमचे दूधवाले भैया सायकलसकट त्यावरून आडवे झाले. माझ्या आजीने रिक्षात असा दणका खाल्ला की चार दिवस कंबर शेकत होती. मग कोणीतरी पहार घेऊन त्या उंचवट्याची एक बाजू फोडली. आता सगळ्या बाइक त्या फटीतून पूर्वीच्याच वेगाने जातात, आणि फट नेमकी फूटपाथला लागून आहे, जिथून माणसं चालतात.

तेव्हा खालच्या मजल्यावरचे काका मला म्हणाले, "काय गं, तू सिव्हिलला आहेस ना? मग सांग की काय करायचं ते!" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीन वर्षं सर्व्हे, काँक्रीट, बेंडिंग मोमेंट शिकले, पण स्वतःच्या गल्लीतल्या गाड्या हळू कशा करायच्या ते सांगता येईना. लाज वाटली. मग लायब्ररीत बसले.

आधी थोडं गणित

गाडीसमोर अचानक कोणी आलं तर ती किती अंतरात थांबते? हे अंतर दोन भागांचं असतं. ड्रायव्हरच्या लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी त्याच वेगाने धावते, हा पहिला भाग. ब्रेक लागल्यावरचं अंतर हा दुसरा.

थांबण्याचं अंतर = (वेग × प्रतिक्रियेचा वेळ) + वेग² ÷ (२ × घर्षणांक × ९.८१)

ट्रान्सपोर्टेशनच्या पेपरात आपण प्रतिक्रियेचा वेळ २.५ सेकंद धरतो. मी उदार मनाने १ सेकंदच धरला. कोरड्या रस्त्याचा घर्षणांक ०.७ घेतला. उत्तरं अशी:

ताशी ३० किमी: ८.३ + ५.१ = १३.४ मीटर
ताशी ५० किमी: १३.९ + १४.० = २७.९ मीटर

हे आकडे नीट बघा. १३.४ मीटरवर ३० ची गाडी पूर्ण थांबलेली आहे. ५० च्या गाडीचा मात्र तिथे अजून ब्रेकसुद्धा लागलेला नाही, तो १३.९ मीटरला लागणार! म्हणजे १३.५ मीटरवर पोरगं असेल तर एक गाडी त्याच्यासमोर उभी राहील आणि दुसरी पूर्ण ५० च्या वेगाने त्याला धडकेल. ड्रायव्हर तोच, ब्रेक तेच, मुलगा तोच.

पावसात घर्षणांक ०.४ धरला तर ३० ला १७.२ मीटर आणि ५० ला ३८.५ मीटर लागतात. मुलुंडचा जुलै ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको.

आणि धडक किती जोराची? गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्या हिशेबाने ३० च्या वेगाची धडक म्हणजे साधारण ३.५ मीटरवरून पडणं, आणि ५० ची म्हणजे ९.८ मीटरवरून. सोप्या भाषेत, पहिली हॉस्टेलच्या पहिल्या मजल्यावरून आणि दुसरी तिसऱ्या मजल्यावरून. पहिल्या मजल्यावरून पडलेला माणूस बहुधा वाचतो. तिसऱ्याचा भरवसा नाही.

म्हणूनच फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात सांगितलं आहे की जिथे पायी चालणारे, सायकलवाले आणि गाड्या एकत्र येतात तिथे कमाल वेग ताशी ३० असावा. वेल्स देशाने सप्टेंबर २०२३ मध्ये वस्तीतल्या रस्त्यांना ताशी २० मैल, म्हणजे ३२ किमी, हीच सर्वसाधारण मर्यादा केली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेत महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर कारसाठी कमाल ७० आहे! मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ प्रमाणे राज्य सरकारला ही मर्यादा कमी करता येते. २०२२ या एका वर्षात भारतात ३२,८२५ पादचारी रस्त्यावर मेले. म्हणजे रोज सुमारे ९०. आपल्या वर्गात तरी एवढी मुलं आहेत का?

बोर्ड लावला की झालं?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी "वाहने सावकाश चालवा" असा बोर्ड आहे. त्याच्यावर कोणाच्या तरी क्लासेसची जाहिरात चिकटवलेली आहे आणि कोणाला काहीही फरक पडलेला नाही.

मी जे काही वाचलं त्याचं सार एका वाक्यात सांगायचं तर असं: वेग बोर्ड ठरवत नाही, रस्ता ठरवतो. रुंद, सरळ, मोकळा रस्ता दिसला की पाय आपोआप ॲक्सिलरेटर दाबतो. अरुंद, वळणाचा, पुढे काय आहे ते न दिसणारा रस्ता असला की तोच पाय वर येतो. यात ड्रायव्हर चांगला की वाईट हा प्रश्न नंतरचा.

आता कोपऱ्याचंच उदाहरण घ्या. वळताना गाडीतल्या माणसाला त्रास न होता साधारण ०.३ ग एवढं आडवं त्वरण चालतं असं धरू. (ग म्हणजे गुरुत्वीय त्वरण.) मग वेग = √(०.३ × ९.८१ × त्रिज्या). कोपऱ्याची त्रिज्या १२ मीटर असेल तर गाडी ताशी २१ ने वळते. तीच ४ मीटर केली तर १२ ने. एकही पोलीस न ठेवता, फक्त फूटपाथचा कोपरा थोडा पुढे घेऊन, वळणारी गाडी जवळजवळ धावण्याच्या वेगावर येते! वर, रस्ता ओलांडायचं अंतरही कमी होतं. माझ्या आजीसाठी हे दुसरं जास्त महत्त्वाचं.

स्पीडब्रेकर: आपण कुठे चुकतो

स्पीडब्रेकरला सगळे शिव्या देतात, पण त्याच्यामागे मोठमोठी डोकी आहेत. नोबेल पारितोषिक मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ आर्थर कॉम्प्टन (हो, कॉम्प्टन इफेक्टवालेच, बारावीला छळणारे) यांनी १९५३ मध्ये आपल्या विद्यापीठाच्या आवारातल्या गाड्या हळू व्हाव्यात म्हणून उंचवट्यांचं डिझाइन केलं होतं. पुढे १९७३ मध्ये ब्रिटनच्या सरकारी रस्ते संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स यांनी वेगवेगळ्या आकारांच्या उंचवट्यांवरून गाड्या नेऊन बघितल्या आणि एक आकार निवडला: ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच, वरून गोलाई दिलेला.

भारतीय रोड काँग्रेसने १९८८ मध्ये दिलेला आकारही तोच आहे: १७ मीटर त्रिज्येचा कंस, लांबी ३.७ मीटर, उंची ०.१० मीटर, आणि वरून जायचा वेग ताशी २५. पडताळून बघायचं? १७ − √(१७² − १.८५²) = ०.१०. बरोब्बर जुळतं!

आता मी टेप घेऊन आमचा रातोरात आलेला उंचवटा मोजला. लांबी ३० सेंटिमीटर, उंची १४. याला स्पीडब्रेकर नाही, पायरी म्हणतात.

फरक काय पडतो? इथे मेकॅनिकलवाल्यांनी लक्ष द्यावं. ताशी ४० च्या वेगात ३० सेंटिमीटरचा उंचवटा फक्त ०.०३ सेकंदात पार होतो. एवढ्या वेळात चाक वर-खाली होतं, स्प्रिंग दबते, पण गाडीच्या बॉडीला हलायला वेळच मिळत नाही. म्हणजे जोरात जाणाऱ्याला दणका कमी बसतो आणि हळू जाणाऱ्याला पूर्ण! ३.७ मीटरच्या उंचवट्यावर त्याच वेगात ०.३३ सेकंद लागतात. त्यात बॉडी उचलली जाते आणि खाली आपटते. इथे जितका वेग जास्त तितका त्रास जास्त. आपला उंचवटा नेमका उलटा न्याय करत होता: बाइकवाला सुटला, दूधवाले भैया पडले, आजीची कंबर गेली.

शिवाय नियम आहेत. उंचवट्यावर काळे-पांढरे पट्टे हवेत, आधी सूचनेचा बोर्ड हवा, रात्री दिसायला हवा. एकाच रस्त्यावर अनेक असतील तर १०० ते १२० मीटरवर हवेत, म्हणजे मधल्या मधे पुन्हा वेग घेता येत नाही. आणि मुंबईत पाण्याला गटाराकडे जायला वाट ठेवायला हवी, नाहीतर प्रत्येक स्पीडब्रेकरमागे एक तळं.

दुसरेही उपाय आहेत. झेब्रा क्रॉसिंगच फूटपाथच्या उंचीला आणायचं. मग माणूस रस्त्यात उतरत नाही, गाडीच माणसाच्या पातळीवर चढते. व्हीलचेअर आणि बाबागाडी सरळ जाते. किंवा उंचवटा सलग न करता मधे फटी ठेवून चौकोनी गाद्यांसारखे तुकडे करायचे. ॲम्ब्युलन्स आणि अग्निशमन गाडीची चाकं लांब असल्यामुळे ती त्यांच्या दोन्ही बाजूंनी जाते, कारला मात्र चढावंच लागतं. "मग ॲम्ब्युलन्सचं काय?" असं विचारणाऱ्यांना हे उत्तर.

पण गाड्या येतातच कशाला?

हळू करणं हा झाला अर्धा भाग. दुसरा अर्धा म्हणजे मुळात गाड्या कमी करणं.

मुलुंड पश्चिम हे मुंबईच्या उपनगरांत नियोजन करून वसवलेल्या जुन्या भागांपैकी एक. १९२२ च्या सुमारास झवेरभाई रामजी शेठ यांनी क्राउन अँड कार्टर या वास्तुविशारदांकडून त्याचा आराखडा करून घेतला. स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंत चौकटीसारखे काटकोनात रस्ते. झवेर रोडचं नाव अजून ती आठवण ठेवून आहे. आजी सांगते, "आम्ही लग्न होऊन आलो तेव्हा या रस्त्यावर दुपारी पापड वाळत घालायचो, बाळा. एखादी गाडी आली तर पोरं मागे धावायची."

चौकटीच्या आखणीचा मोठा फायदा असा की कुठूनही कुठेही चालत लवकर पोचता येतं. तोटा? गाडीलाही पोचता येतं! लाल बहादूर शास्त्री मार्ग तुंबला की गाड्या आतल्या गल्ल्यांत घुसतात. तिथे मेट्रो ४ च्या कामाचे पत्रे लागले तेव्हा तर हे रोजचंच झालं. आणि आता मोबाइलमधली बाई स्वतःच सांगते, "डावीकडे वळा." तिला काय माहीत की डावीकडे बालवाडी आहे!

अशीच चौकटीची आखणी स्पेनमधल्या बार्सिलोनाची आहे, १८५९ च्या सेर्दा यांच्या आराखड्याची. तिथे एक युक्ती केली. तीन बाय तीन असे नऊ चौक एकत्र करायचे, सुमारे ४०० मीटरचा एक मोठा चौकोन. बस आणि लांब जाणाऱ्या गाड्या बाहेरच्या चार रस्त्यांवरून. आतल्या रस्त्यांवर गाडी येऊ शकते, पण एकेरी मार्ग असे फिरवलेत की आत शिरलेली गाडी वळून पुन्हा त्याच बाजूने बाहेर पडते, आरपार जाता येत नाही. आतला वेग ताशी १०. पोब्लेनोऊ भागात हे २०१६ मध्ये सुरू झालं. रहिवाशाची गाडी दारापर्यंत येते, फक्त शॉर्टकट मारणाऱ्याला शॉर्टकट उरत नाही.

"मग त्या गाड्या जातील कुठे? शेजारच्या गल्लीत!" हा आमच्या कमिटीचा पहिला आक्षेप. तो अगदी चूक नाही, म्हणूनच एक गल्ली बंद करून भागत नाही, पूर्ण चौकोनाचा विचार करावा लागतो. पण एक गंमत आहे. २००२ मध्ये कर्न्स, ॲटकिन्स आणि गुडविन या ब्रिटिश अभ्यासकांनी ११ देशांतली ७० हून जास्त उदाहरणं तपासली, जिथे गाड्यांसाठीची जागा कमी केली होती. आजूबाजूचे रस्ते हिशेबात धरूनही निम्म्या ठिकाणी ११ टक्क्यांहून जास्त वाहतूक चक्क नाहीशी झाली होती. लोकांनी वेळ बदलली, दोन कामं एका फेरीत केली, काही चालत गेले.

विश्वास नाही बसत? गणपतीत आठवून बघा. मांडव पडतो, गल्ली दहा दिवस अर्धी बंद. पहिल्या दिवशी चडफड होते, तिसऱ्या दिवसापासून सगळे सवयीने दुसरीकडून जातात. आणि त्या दहा दिवसांत गल्लीत काय दिसतं? पोरं खेळतात, आजी खुर्ची टाकून बसतात, कधी न बोलणारे शेजारी बोलतात. २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी "संडे स्ट्रीट्स" म्हणून रविवारी सकाळी काही रस्ते गाड्यांना बंद केले, त्यात मुलुंडचा तानसा पाइपलाइनचा रस्ताही होता. तिथेही हेच चित्र.

हे नुसतं वाटणं नाही. डोनाल्ड ॲपलयार्ड या प्राध्यापकांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन सारख्या रस्त्यांचा अभ्यास केला होता. दिवसाला २,००० गाड्यांच्या रस्त्यावर माणसाला सरासरी ३ मित्र होते, १६,००० गाड्यांच्या रस्त्यावर १ सुद्धा नाही, ०.९! वाईट याचं वाटतं की स्वतः ॲपलयार्ड १९८२ मध्ये अथेन्समध्ये भरधाव गाडीखाली गेले.

लांब कशाला, सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या मुलुंड पूर्वेला पहाटे गणेश मंडळाचा बॅनर लावणाऱ्या दोघा कार्यकर्त्यांना भरधाव कारने उडवलं. एक जण गेला. ज्या सणासाठी गल्ली माणसांची होते, त्याच सणाच्या पहाटे.

"आम्हाला उशीर होतो!"

दुसरा आक्षेप वेळेचा. समजा गल्ली ६०० मीटरची आहे. ताशी ५० ने ४३ सेकंद लागतात, ३० ने ७२. फरक २९ सेकंद. एवढा वेळ आपण मेसमध्ये ताट शोधण्यात घालवतो.

तिसरा आक्षेप: "बाहेरचे लोक जोरात जातात, आपले नाही." हा तपासायचा ठरवला. धाकट्या भावाला घेऊन गल्लीत खडूने ४० मीटरवर दोन रेघा मारल्या आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ घेतली. ३० च्या वेगाला ४.८ सेकंद लागतात. त्याहून कमी वेळ म्हणजे वेग जास्त. (अंतर फार कमी ठेवू नका, बोटाच्या चुकीने उत्तर बिघडतं.) संध्याकाळभर बसलो. जोरात जाणाऱ्यांत बाहेरचे होतेच, पण निम्मे चेहरे ओळखीचे निघाले. एक तर कमिटीचेच!

दुसऱ्या दिवशी मी स्कूटीवरून स्टेशनला निघाले. परत आले तर भाऊ दारात उभा. "ताई, तुझे ३.९ सेकंद." म्हणजे ताशी ३७. हा लेख लिहायला घेतल्यावरसुद्धा! त्याच गल्लीत, जिथे त्या मुलाचा पाय मोडला. मला वाटत होतं मी हळूच चालवते. पण रस्ता मोकळा होता आणि माझा हात वळला. बोर्ड मीही वाचला नव्हता.

तर काका, उत्तर असं आहे

रात्री सिमेंट टाकू नका. रस्ता महापालिकेचा आहे आणि वाहतूक पोलिसांच्या अखत्यारीतली. दोघांना, म्हणजे टी वॉर्ड ऑफिसला आणि वाहतूक पोलिसांना, एकत्र अर्ज द्या. नुसती तक्रार नको. सोबत वेग मोजलेला तक्ता, गल्लीचा नकाशा आणि ३.७ मीटरच्या उंचवट्याचं रेखाचित्र जोडा. रेखाचित्र मी काढून दिलं आहे. क्लासच्या दारासमोर उंच झेब्रा, दोन टोकांना लहान त्रिज्येचे कोपरे, आणि एकेरी मार्ग बदलायचा झाला तर शेजारच्या गल्ल्यांच्या सोसायट्यांना आधी बोलवा, नाहीतर आपला त्रास त्यांच्या दारात जाईल. आणि तो फुटका उंचवटा आधी काढून टाकायला सांगा.

अर्ज दिलाय. अजून उत्तर आलेलं नाही. मी दर शनिवारी विचारणार आहे.

आणि हॉस्टेलवाल्यांनो, आपल्यासाठीही एक प्रॅक्टिकल. मेन गेटपासून मेसपर्यंतचा आपला रस्ता सरळ आहे, रुंद आहे, रात्री जेवायच्या वेळी सगळे त्याच्या मधूनच चालतात, आणि त्याच वेळी बाइक सुटतात. ४० मीटर, एक खडू, एक स्टॉपवॉच. एक संध्याकाळ काढा. सरांनी परवानगी दिली तर पुढच्या सबमिशनला तोच विषय घेऊ. फक्त एक करा, मोजताना आपल्या मित्रांनाही मोजा. आणि एखाद्याला सांगून ठेवा, तुमच्या नकळत तुम्हालाही मोजायला!